दिवसातून एकदाच चढ

एकोणतीस, तीस, एकतीस. एकतिसाला दिवा हिरवा व्हायचा, तो झाला नाही. हेल्मीनं पाय केव्हाच उचलला होता, वर चर्चच्या कोपऱ्यावर, नेहमीच्या जागी, जिथून गाडी आपली आपण उताराला लागते आणि इंजिन नुसतं कुजबुजत राहतं. तिथून मोजायला लागायचं आणि एकतीस म्हटलं की तळाचा दिवा ओळखीच्या घराचं दार उघडावं तसा उघडायचा. एकोणीस वर्षं उघडत आला होता. बत्तीस. तेहतीस. लाल. नुकताच धुऊन लावल्यासारखा लखलखीत लाल. तिनं ब्रेक दाबला, पुरता दाबला. मागच्या सीटवरची मलमपट्ट्यांची पिशवी घसरून खाली पडली, आणि डुलुथ शहरातल्या त्या चौकात, एप्रिलच्या सकाळी पावणेआठला, हेल्मी लाहती पहिल्यांदाच उभी राहिली.

राग नाही आला. लाज वाटली. भरल्या घरात गाणं म्हणायला बसावं आणि दुसऱ्याच ओळीला शब्द जावेत, तशी. मोजण्यात आपलीच चूक झाली असेल, असं तिनं आधी धरलं. मन जागेवर नव्हतंच, ते पुढे होऊन अकरा वाजता हमरस्त्यावरच्या गाड्यांच्या दुकानात जाऊन बसलं होतं. तिथं आज सही करायची होती. करडा-निळा ट्रक, मागे उघडा हौदा, चार दारं, आणि हप्ते चौऱ्याऐंशी महिन्यांचे. सात वर्षं म्हटलं की कमी वाटतात म्हणून ती मुद्दाम महिने म्हणत होती, आणि मग घाबरून पुन्हा वर्षांवर येत होती. ती एकोणसाठ वर्षांची. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, साखर तपासायची, गोळ्या डबीत लावून द्यायच्या, हे काम करून एकतीस वर्षं झाली. हे काम येत्या जूनमध्ये सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे स्वतःशीच. आर्विडला, तिच्या नवऱ्यालाही, ते ठाऊक नव्हतं. सही झाली की जून गेला. सही झाली की अजून सात हिवाळे ह्याच टेकडीवर. इतकं साधं होतं ते. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. दिवा केव्हाचा हिरवा होता.

आणि 'घे' म्हणून तीच म्हणाली होती, त्याचं काय करायचं? गेल्या शनिवारी आर्विड सरोवरावरून मासे धरून आला. मित्राच्या, लॉइडच्या ट्रकमधून गेले होते चौघं. आर्विड हसत-हसत सांगत होता, मागच्या घडीच्या सीटवर मला कोंबलं, गुडघे हनुवटीला, मांडीवर आमिषाची बादली, आणि प्रत्येक खड्ड्याला बादली मला ओंजळभर पाणी पाजते. बेचाळीस वर्षं ह्या माणसानं खनिजाच्या मालगाड्या चालवल्या. दोनशे डब्यांच्या पुढे, उंच, खिडकीशी, कोपर बाहेर काढून बसायचा. तो हसत होता आणि त्याचे ओले बाही-खांदे शेगडीपुढे वाफाळत होते, आणि हसू तोंडापाशी संपत होतं, डोळ्यांपर्यंत चढत नव्हतं. हेल्मी वेलदोड्याचा पाव कापत होती. सुरी थांबली. "मग घेऊन टाक ना स्वतःचा," ती बोलून गेली. तो म्हणाला, "खरंच?" त्या 'खरंच'मध्ये एवढा लहान झाला तो, की शब्द परत घ्यायला तिला जागाच उरली नाही.

तिनं गाडी पुढे काढली. हळू, अंड्यावरून चालावं तशी. ही तिची गाडी, पंचवीस वर्षांची, रंग एकेकाळी लाल होता, आता दाराच्या खालच्या कडेला गंजाची नक्षी. हिला कोणी गाडी म्हणत नसे. नर्सबायका 'हेल्मीचा डबा' म्हणत. त्या हसत, आणि हेल्मीही त्यांच्यात हसे, कारण त्यांना जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं. कामावर पेट्रोलचे पैसे मैलाप्रमाणे मिळतात, गाडी कुणाची कितीही खाऊ असो. तर मग कमी खाणारी आणि कमी खायला शिकवलेली गाडी म्हणजे रोज थोडी-थोडी दुभती गाय. हे शहर एका लांबट टेकडीच्या अंगावर पसरलंय, पायाशी समुद्राएवढं सरोवर. हेल्मी सकाळी एकदाच माथ्यावर चढायची आणि मग वरच्या पेशंटपासून खालच्यापर्यंत दिवसभर उतरत यायची. दिवसातून एकदाच चढ. दोन घरांच्या मध्ये चार गल्ल्या जास्त पडल्या तरी चालतील, पण पुन्हा वर नाही. रविवारी टायरांत हवा. डिकीत वाळूचं पोतं नाही, फावडं नाही, जुन्या चपला नाहीत. ओझं म्हणजे पेट्रोल. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटायचं नाही, लांबूनच बघत राहायचं, थांबायची वेळ येईल तर आधीच मंद व्हायचं. "तू गाडी चालवत नाहीस," आर्विड म्हणायचा, "तू तिची समजूत घालतेस." हिवाळ्यात हीटर लावायचा नाही, हे त्यात ओघानंच आलं. आर्विड शेजारी दोन-दोन मोजे चढवून बसायचा, तोंडातून वाफ सोडत, आणि कधी कुरकुरला नाही.

आणि मग तो चेक. ह्या डब्याचे हप्ते संपले त्याला आता सोळा वर्षं. शेवटचा भरला, बँकेचं 'आभारी आहोत' असं पत्र आलं, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिचा हात सवयीनं चेकबुकाकडे गेला. दोनशे चौदा डॉलर. आकडा लिहूनही झाला, आणि मग नावाच्या ओळीवर पेन अडलं. कुणाला द्यायचे? कुणीच मागत नव्हतं. तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि पतपेढीत जाऊन भरले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे कशाबद्दल?" हेल्मी म्हणाली, "गाडीचा हप्ता." मुलीनं दोनदा बघितलं. तेव्हापासून दर एक तारखेला हेल्मीनं हेल्मीचा हप्ता चुकवला नाही. वर पेट्रोलमधून सुटलेलं. घरचा हिशेब तीच बघे; आर्विड एवढंच म्हणे, "म्हातारपणाचं काहीतरी चाललंय ना? चालू दे." आता ते सत्तेचाळीस हजार तीनशे दहा झाले होते. त्या पैशात एक गोष्ट बसत होती, अगदी नेमकी: ह्या देशात पासष्टीनंतर सरकार आजारपणाचं बघतं, तोवरचा विमा नोकरी सुटली की स्वतःच्या खिशातून. जूनपासून पासष्टीपर्यंतचा तिचा विमा. बाकी पोटापाण्याला आर्विडचं रेल्वेचं पेन्शन पुरे. तिनं हे आर्विडला सांगितलं नव्हतं, कारण तो स्वतः साठीला घरी बसला होता, आणि 'मी दमले' एवढं तिनं म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी गोदामात पहारेकरी म्हणून उभा राहिला असता.

दमले म्हणजे तरी काय? गुडघे दुखतात, ते सगळ्यांचेच. पण जून. उत्तरेकडे सरोवराच्या काठानं जून संपता-संपता रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभळ्या फुलांचे तुरे उभे राहतात, कंबरेएवढे, मैलोन्‌मैल, कुणी जांभळी शाल झटकून वाळत घालावी तसे. एकतीस वर्षं, दर जूनला तिनं ती फुलं काचेतून पाहिली, ताशी पंचेचाळीस मैलांनी, कारण पंचेचाळीसला गाडी सगळ्यात कमी खाते. त्यांना वास असतो का, हे तिला माहीत नव्हतं. थांबलं तर पुन्हा वेग धरायला लागतो, आणि वेग धरणं हेच सगळ्यात महाग.

वेग धरणं महाग, हे तिच्या वडिलांचं वाक्य. टोइवो त्यांचं नाव, दूधसंघाचे कॅन गोळा करत फिरायचे. संध्याकाळी सात वर्षांची हेल्मी शाळेपासून त्यांच्या शेजारी बसून घरी यायची. घराआधी मैलभर लांब एक उतार होता. माथ्यावर आले की वडील किल्ली फिरवून इंजिन बंदच करायचे. एकदम सगळं गप्प. मग नुसती चाकांखालची खडी, देवदारांतून जाणारा वारा, मागे रिकाम्या कॅनची बारीक किणकिण. हेल्मी काही बोलायला गेली की ओठावर बोट: "श्श. पेट्रोल वाचवतोय." गाडी ढगासारखी घरंगळत अंगणाच्या कुंपणापाशी यायची आणि तिथं आपोआप थांबायची, अंगणात नाही, कुंपणापाशीच. आणि तिथून आईचं गाणं ऐकू यायचं. आई कुणापुढे गात नसे. चर्चमध्ये तर ओठ नुसते हलवायची. पण अंगणात एकटी धुणं घालताना, घरचे जिथून आले त्या जुन्या देशाच्या भाषेत, आपलीच जोडलेली गाणी:

वाऱ्या, हळू ये रे, दोरीवर ओलं धुणं,
त्यात एक सदरा त्याचा, बाहीला ठिगळ जुनं.
वाऱ्या, हळू ये रे, दार नको वाजवूस,
आत निजलंय पीठ माझं, त्याची झोप नको मोडूस.

वडील स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकत राहायचे. मग गाणं संपलं की दार मोठ्यानं आपटायचे, आई म्हणायची, "आलात? गाडीचा आवाज कसा नाही आला?" आणि वडील म्हणायचे, "पेट्रोल महागलंय." एका वसंतात उतारावर बर्फाचं पाणी होतं आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे वडील विसरले. गाडी तशीच गपचूप कुंपण मोडून अंगणात शिरली, दोरीवरची चादर तोंडावर घेऊन. आईनं पाहिलं ते एवढंच, की एक चादर आपण होऊन आपल्या अंगावर चालून येतेय. आई किंचाळली, चादरीतून वडील ओरडले, "मी आहे, मी!" आणि हेल्मी हसून-हसून सीटखाली पडली. पुढे पंधरा दिवस आई गायली नाही. वडिलांनी ते पंधरा दिवस गाडी इंजिन चालू ठेवून, मुद्दाम घरघर करत घरी आणली, मी चोरून ऐकत नाही बाई, असं सांगावं तशी. पेट्रोल हा नुसता बहाणा होता, हे हेल्मीला कळलं ते किती उशिरा, तिशी उलटल्यावर. तोवर ती पेट्रोलच वाचवत होती. पण वाचवता-वाचवता तिलाही ती सवय लागली होती, पाय उचलायची, आवाज खाली बसू द्यायची आणि मग काय ऐकू येतं ते ऐकायची.

"चार मिनिटं उशीर," मिसेस एक्रेम दारातच म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, डाव्या पायाची जखम दोन वर्षं भरता-भरता उघडी राहिलेली, बाकी जीभ धडधाकट. "माझं घड्याळ तुझ्यावर लावते मी. आता सगळं घर मागं पडेल."

"खालच्या दिव्यानं अडवलं."

"तुला? अगं बाई! मग आज सूर्य कुठून उगवलाय बघायला हवं." त्यांनी पाय स्टुलावर घेतला. "कालच आली होती शहराची माणसं. शिडी लावली, वर एक डोळा बसवला. आता म्हणे समोर गाडी आली की तो बघतो आणि मग ठरवतो."

"म्हणजे मी किती मोजायचं?"

"काही मोजायचं नाही, पोरी. जायचं नि उभं राहायचं. तो बघेल तुझ्याकडे. ह्या वयात माझ्याकडे कुणी बघत नाही, तुझ्याकडे दिवा तरी बघतोय."

हेल्मी हसली आणि पट्टी सोडवू लागली. जखमेचा काठ गुलाबी होता, चांगला होता. खिडकीतून सरोवर दिसत होतं, मधोमध काळं पाणी आणि काठाला बर्फाच्या फुटलेल्या बशा. मोजून काही होणार नाही, ह्या बातमीनं तिला भीती वाटायला हवी होती. वाटली, पण तिच्यात तितकीच गंमतही होती, पायरी असेल म्हणून टाकलेलं पाऊल सपाट जमिनीवर पडावं तशी.

"पुढच्या हिवाळ्यात तूच येशील ना?" मिसेस एक्रेमनी विचारलं. "की ती दुसरी, बर्फाच्या हातांची? तिला सांगितलं मी, बाई, आधी मांजराला हात लाव, मग मला."

"येईन की," हेल्मी म्हणाली. तोंडातून गेलंच. आणि गेल्यावर कळलं की सही अकराला करायची होती ती तिनं आताच, सव्वाआठला, मोफत करून टाकली.

"येईन म्हणालीस आणि तोंड असं का केलंस?"

"कसं?"

"ताक आंबट निघाल्यासारखं."

"पायाकडे बघत होते."

"पाय माझा आहे. तोंड तुझं होतं." म्हातारीनं तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नर्स ठेवते तशी, नाडी बघायला. "जोरात चाललीय," त्या म्हणाल्या. "उतारावर पाय उचलायचा असतो. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

आणखी दोन घरं झाली, साखर झाली, गोळ्यांच्या डब्या झाल्या. साडेदहाला ती हमरस्त्याला लागली आणि मनात दोन मापं एकमेकांशी तोलत राहिली: एका पारड्यात आर्विडचा तो 'खरंच?', दुसऱ्यात जांभळे तुरे. पारडी हलत होती, थांबत नव्हती. सांगायचंच नाही, असं एकदा ठरलं. सात वर्षं काय, निघून जातील, गुडघ्यांना पट्टे बांधू. मग सगळं सांगायचं असं ठरलं, आणि लगेच त्याचा पडलेला चेहरा दिसला. ट्रक मिळाला नाही म्हणून पडला तरी परवडेल. पण आपली बायको दमलीय आणि आपल्याला कळलंही नाही, ह्यानं पडला तर तो उचलायला तिच्याकडे काही नव्हतं.

लॉइड आर्विडला सोडून गेला होता. आर्विड दुकानाच्या दारात उभा होता, चर्चला जायचा कोट घालून, दाढी करताना हनुवटीला कापलेलं. "आलीस! मला वाटलं, तू उतार शोधत वरून फिरून येतेस की काय."

"सगळा रस्ता सपाट होता. फार खर्च झाला."

आतला विक्रेता पोरगेला, डॅरिन नावाचा, दोघांचे हात एवढ्या प्रेमानं दाबत होता की हेल्मीला वाटलं, ह्याला आपण लहानपणी कधी गोवराचं इंजेक्शन दिलंय का. ट्रकची किंमत काय, असं तिनं विचारलं. डॅरिन म्हणाला, "महिन्याला किती जमेल, ते सांगा ना मॅडम." तिनं पुन्हा किंमत विचारली. तो म्हणाला, "सहाशे एकोणसत्तर म्हणजे बघा, दिवसाला बावीस डॉलर. दोघांचं बाहेरचं जेवण." आर्विड म्हणाला, "आम्ही बाहेर जेवत नाही." डॅरिन म्हणाला, "मग तर तुमचे वाचतातच!" तिघंही हसले. शेवटी काचेला चिकटवलेल्या कागदावर तिनंच वाचलं: सेहेचाळीस हजार पाचशे.

मग त्यांना ट्रकमध्ये बसवलं. आर्विडनं दांडा धरला, पायरीवर पाय दिला, आणि दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता असा वर गेला की हेल्मीला तेवीस वर्षांचा आर्विड दिसला, इंजिनाच्या शिडीवर, जेवणाच्या डब्याची कडी दातांत धरलेला. तो बसला. कोपर खिडकीच्या काठावर गेलं, आपोआप, जिथं ते बेचाळीस वर्षं होतं. समोर नुसतं पार्किंग होतं, पण तो पार्किंगच्या पलीकडे बघत होता. बसू दे, तिला वाटलं. जून काय, दरसाल येतो. बसू दे त्याला इथंच.

डॅरिननं मागच्या सीटवरून हात लांबवून बटण दाबलं. "बघा मॅडम, सीट कशी गरम होते. आणि हा हीटर. एक मिनिटात थंडी पसार."

"पेट्रोल किती खातो?"

"मैलाला म्हणताय?"

"हीटर. हीटर किती खातो?"

डॅरिन हसला. "हीटर कुठे पेट्रोल खातो, मॅडम? इंजिनाची ऊब एरवी वायाच जाते, तीच आत घ्यायची. पंखा फिरवायला जरा वीज, बस. कुठल्याही गाडीत असंच. बाहेर तुमची ती लाल आहे ना, तिच्यातसुद्धा."

हेल्मीनं मान वळवली. आर्विड आरशाचा कोन बदलत होता, फार काळजीपूर्वक.

"आर्विड."

"आरसा चांगला मोठा दिलाय."

"आर्विड लाहती. तू इंजिन चालवायचास."

"हो. चालवायचो."

"तुला माहीत होतं."

त्याचे कान लाल झाले. "तसं... पहिल्या हिवाळ्यापासून."

"किती हिवाळे झाले! दोन-दोन मोजे घालून! डिसेंबरात तुझ्या मिशीला बर्फ लागायचा! मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो," आर्विड म्हणाला. "पहिल्या दिवशीच बोलणार होतो. पण तू हीटर बंद केलास, आणि काय मोठं मिळवलंय अशी खुशीत आलीस, आणि गुणगुणायला लागलीस."

"मी? मी कधी गुणगुणते?"

"गाडीत. उतार लागला की. हीटरच्या पंख्यात ऐकू आलं नसतं." तो आरशाशीच बोलत होता. "म्हटलं, राहू दे. मोजे काय, विकत मिळतात."

हेल्मीला हसू आलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग आवरेना. डोळ्यांना पाणी आलं आणि ते हसण्याचंच आहे की कशाचं, हे पाहायला ती थांबली नाही. आर्विडही हसू लागला, आणि ह्या वेळी ते वरपर्यंत चढलं. डॅरिन मागे बसून दोघांच्या डोक्यांकडे आळीपाळीनं बघत होता. एवढा आनंद त्यानं अजून काही विकण्याआधी कधी पाहिला नसावा. "मी कागद आणतो," तो म्हणाला आणि उतरला.

सीट खालून गरम होत होती. हेल्मीनं डोळे पुसले. आता काही तोलायचं नव्हतं. पारडी जमिनीवर ठेवून ती मोकळी झाली होती.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "मोज्यांपेक्षा मोठं आहे."

"तूही काही चोरून ठेवलंस?"

"सत्तेचाळीस हजार तीनशे दहा."

आर्विडनं हात स्टिअरिंगवरून काढला. "पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं काचेवरचा कागद आतून, उलटा, वाचला. ओठ हलले. "हेल्मी. म्हणजे हा तर..."

"हा आज येतो. एका चेकात. हप्ता नाही, काही नाही. घरी चालवत ने." तिचा आवाज बरा होता, पेशंटला सांगताना असतो तसा. "आणि नाही नेलास तर मी जूनमध्ये काम सोडते. पासष्टीपर्यंतचा विमा त्यात बसतो. दोन्ही नाही बसत, मी खूप बसवून पाहिलं. शनिवारी 'घे' म्हटलं ते मनापासून होतं. आणि जूनचंही मनापासून आहे. मला दोन्हीतलं एक उचलता येत नाही. तू उचल."

"दमलीस?"

"दमले नाही. म्हणजे, दमलेय. पण तेवढंच नाही. मला जून बघायचाय. थांबून."

आर्विडनं पुढच्या काळ्या पट्टीवरून एकदा हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि घाई केली नाही. हेल्मीनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती काहीतरी बोलून गेली असती. बाहेर कुणीतरी ओळीनं उभ्या गाड्यांच्या काचा पुसत होतं, एक, मग दुसरी. आर्विडनं खिडकीच्या काठावरचं कोपर हळूच आत घेतलं.

"जूनची कितवी?" त्यानं विचारलं.

डॅरिन कागद आणि दोन पेनं घेऊन खिडकीशी आला होता. "जून कशाला, साहेब? आजच घेऊन जा ना!"

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सात," हेल्मी म्हणाली. "शुक्रवार येतो. आठवडा पुरा होतो."

"गुरुवारी सोड."

"एका दिवसानं असं काय होणार आहे?"

"एक दिवस तुझा होतो," आर्विड म्हणाला, आणि दार उघडून दांड्याला धरून खाली उतरू लागला.